मतदार यादीत नाव नसेल तर ‘चॅलेंज व्होट’ वगैरे काही मिळत नाही
दर निवडणुकीला तोच मेसेज फिरतो, की यादीत नाव नसलं तरी आधार दाखवा, कलम ४९ए सांगा, चॅलेंज व्होट मागा, मत देता येतं. साफ चुकीचं आहे हे. ४९ए हे कलम नाही, निवडणूक नियमांतला नियम आहे, आणि तो ईव्हीएमच्या रचनेबद्दल आहे. चॅलेंज म्हणजे उमेदवाराच्या पोलिंग एजंटने दोन रुपये भरून समोरच्या मतदाराच्या ओळखीवर घेतलेली हरकत. मेसेजमधलं टेंडर व्होट मात्र खरं आहे, पण यादीत नाव असून कुणी आधीच तुमच्या नावावर मत टाकून गेलं असेल तरच, आणि ते कागदी मतपत्रिकेवर घेतात, वेगळं सीलबंद ठेवतात, नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत. १४ टक्के टेंडर व्होट झाले की फेरमतदान, असाही नियम नाही.

राग याचा येतो की लोक यावर विसंबून यादी बघतच नाहीत, मग बूथवरून परत फिरतात आणि आपण त्यांनाच आळशी म्हणतो. घर बदललेले लोक तर फार अडकतात यात. व्होटर कार्ड हातात असूनही नाव कटलेलं असू शकतं. नवीन नावाला फॉर्म ६, पत्ता बदलला तर फॉर्म ८, उमेदवारी अर्जाची मुदत संपली की त्या निवडणुकीसाठी नाव चढत नाही.