छायाचित्रणकार आणि कॅमेरा ऑपरेटर

चित्रीकरण पाहणाऱ्याला कॅमेऱ्याला डोळा लावून उभा असलेला माणूसच छायाचित्रणकार वाटतो. पण मोठ्या चित्रपटाच्या सेटवर तो बहुधा ऑपरेटर असतो, आणि छायाचित्रणकार मॉनिटरपाशी उभा राहून एखाद्या दिव्याचा उजेड अर्ध्या स्टॉपने (स्टॉप म्हणजे प्रकाश मोजण्याचे माप) कमी करायला गॅफरला, म्हणजे दिव्यांच्या तुकडीच्या प्रमुखाला, सांगत असतो.

छायाचित्रणकार कॅमेरा आणि प्रकाशयोजना या दोन्ही विभागांचा प्रमुख असतो. पटकथेवर दिग्दर्शकाशी चर्चा करणे, स्थळाची पाहणी करताना खिडकीतले ऊन कोणत्या वेळी कुठवर येते हे टिपणे, लेन्सच्या चाचण्या घेणे आणि संकलनानंतर कलर ग्रेडिंगला, म्हणजे चित्राचे रंग आणि उजेड जुळवायला, बसणे, हे सारे त्याच्याकडे येते. ऑपरेटरचे काम आटोपशीर असले तरी सोपे मुळीच नाही: नट ठरल्या खुणेच्या पाऊलभर पुढे थांबला, तर त्याच क्षणी पॅन आणि टिल्ट (कॅमेऱ्याचे आडवे आणि उभे फिरणे) सावरून चौकट राखणे हे त्याचे कसब असते. (फोकस मात्र या दोघांपैकी कोणीच सांभाळत नाही, ते काम फोकस पुलरचे.) जुन्या ब्रिटिश पद्धतीत ‘लायटिंग कॅमेरामन’ मुख्यतः प्रकाश पाही आणि चौकटीविषयी दिग्दर्शक थेट ऑपरेटरशी बोले, अमेरिकी पद्धतीत चौकटीची जबाबदारीही छायाचित्रणकाराकडेच राहिली.

फ्रीलान्स कामात या सीमा पुसट होतात, कारण लघुपटात किंवा माहितीपटात दोन्ही कामे बहुधा एकाच माणसाला करावी लागतात. प्रशिक्षणाचा घोळ इथेच सुरू होतो. क्लॅपर लोडर (शॉटची पाटी धरणारा सहायक), फोकस पुलर, ऑपरेटर अशी शिडी चढत जाणे हा जुना आणि आजही भरवशाचा मार्ग आहे, पण त्या शिडीवर प्रकाशयोजना आपोआप शिकता येत नाही. चार मिनिटांचा प्रसंग दिवसभर चित्रित होत असताना सूर्य सरकत राहतो, तरी पडद्यावर तीच एक वेळ दिसली पाहिजे. हे साधायचे तर काही काळ दिव्यांच्या तुकडीत काम करावे, नाहीतर चित्रपट-विद्यालयात तरी त्याचा सराव करावा. केवळ हात स्थिर आहे म्हणून छायाचित्रणकाराचे काम स्वीकारणे मला धाडसाचे वाटते.

मोबदल्याचे गणितही वेगळे असते. ऑपरेटरला मुख्यतः चित्रीकरणाच्या दिवसांचे पैसे मिळतात, तर छायाचित्रणकाराने पाहणी, चाचण्या आणि ग्रेडिंगचे दिवस करारात आधीच लिहून घ्यावेत, अन्यथा ते फुकटात जातात. ऑपरेटर म्हणून घेतलेला शॉट शोरीलमध्ये, म्हणजे आपल्या कामाच्या नमुन्यांच्या फितीत, जरूर लावावा, पण त्याखाली ‘ऑपरेटर’ असेच लिहावे. त्यातला प्रकाश दुसऱ्याचा असतो, आणि पुढचे काम ज्यांच्या शिफारशीने मिळायचे त्यांना तो कोणाचा हे बहुतेक वेळा ठाऊक असते.