‘कपात’ म्हणायचं की ‘टप्पा’? लोकप्रतिनिधींच्या पगाराची मागची गोष्ट

मंत्र्यांच्या पगाराला कात्री लावणं हे कोविडकाळात सुचलेलं नाही. मंदीच्या तडाख्यात १९३१ साली ब्रिटिश सरकारने सरकारी नोकरांचे पगार दहा टक्क्यांनी उतरवले. त्याच वर्षी काँग्रेसच्या कराची अधिवेशनात ठराव झाला, की स्वराज्यात सरकारी नोकराचा पगार साधारणपणे पाचशे रुपयांच्या वर नसावा. १९३७ च्या काँग्रेसच्या प्रांतिक मंत्र्यांनी पाचशेच घेतले, पण घर आणि मोटारीचा भत्ता वेगळा. पगार छोटा आणि भत्ते बाजूला, ही मांडणी तेव्हापासूनची. १९५४ च्या कायद्यात खासदाराला महिना ४०० रुपये पगार होता आणि २१ रुपये रोजचा भत्ता. १९७६ मध्ये पेन्शन आली.

मधली वर्षं सोडून थेट अलीकडे येऊ. ऑगस्ट २०१६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळात आमदारांच्या पगारवाढीचं विधेयक चर्चेविना मंजूर झालं. आमदाराचं वेतन प्रधान सचिवाच्या वेतनश्रेणीला बांधलं गेलं. म्हणजे वेतन आयोग आला, महागाई भत्ता वाढला, की आमदाराचा आकडाही आपोआप सरकणार. २०२० च्या सुमाराची पगारपावती अशी: मूळ वेतन १,८२,२००, सतरा टक्के महागाई भत्ता ३०,९७४, दूरध्वनी ८,०००, टपाल-स्टेशनरी १०,०००, संगणक चालक १०,०००. बेरीज २,४१,१७४ रुपये.

आता ३१ मार्च २०२०. टाळेबंदीला जेमतेम आठवडा झालेला आणि तिजोरीत कर येणं थांबलेलं. राज्य सरकारने जाहीर केलं, की मुख्यमंत्र्यांपासून आमदारांपर्यंत सगळ्यांच्या मार्चच्या पगारात ६० टक्के कपात, अ आणि ब वर्गाच्या कर्मचाऱ्यांना ५० टक्के, क वर्गाला २५ टक्के, ड वर्गाला काही नाही. कर्मचाऱ्यांमध्ये खळबळ उडाली. त्याच दिवशी खुलासा आला: कपात नाही, पगार दोन टप्प्यांत मिळेल. टक्के तेच राहिले, क्रियापद बदललं. ‘कापणार’चं ‘नंतर देणार’ झालं. पण मथळा आधीच छापून झाला होता, आणि आजही ‘आमदारांनी साठ टक्के पगार सोडला होता’ असं बिनधास्त सांगणारे भेटतात. सोडला नव्हता, लांबणीवर पडला होता. कर्मचाऱ्यांसाठी हा खुलासा गरजेचाच होता. लोकप्रतिनिधींना मात्र त्यातून त्यागाचं श्रेय मिळालं आणि रकमेचं आश्वासनही.

खरी कपात त्यानंतर, ९ एप्रिलला. मंत्रिमंडळाने आमदारांच्या वेतनात वर्षभरासाठी ३० टक्के कपात मंजूर केली. हे केंद्राच्या पावलावर पाऊल होतं. दिल्लीत दोनच दिवस आधी खासदारांच्या एक लाख पगारातले तीस हजार वर्षभरासाठी अध्यादेशाने उतरले होते. खासदारांच्या भत्त्यांसाठी नियम वेगळे बदलावे लागले: मतदारसंघ भत्ता ७०,००० वरून ४९,०००, कार्यालयीन खर्च ६०,००० वरून ५४,०००. कॅबिनेट मंत्र्याचा पाहुणचाराचा भत्ता महिना २,००० वरून १,४०० झाला. चहापाण्यातले सहाशे रुपये वाचवायला राजपत्र! रोजच्या भत्त्याला आणि माजी खासदारांच्या पेन्शनला हात लागला नाही. पावणेआठशे-आठशे खासदारांचा हिशेब कागदावर मांडला, तर वर्षाची बचत पन्नास-पंचावन्न कोटींच्या घरात जाते.

मोठी रक्कम पगारात नव्हतीच. खासदार निधी दोन वर्षं थांबवून ७,९०० कोटी रुपये वळवायचं ठरलं होतं. तिथे विरोधकांची तक्रार रास्त होती: पगार खासदाराचा, पण निधी मतदारसंघाचा. नोव्हेंबर २०२१ मध्ये, मुदत संपायच्या आत, तो निधी परत सुरू झाला. महाराष्ट्रात तर आमदार निधी याच काळात चढत गेला: मार्च २०२० च्या अर्थसंकल्पात दोनाचे तीन कोटी, पुढच्या वर्षी चार, २०२२ मध्ये पाच.

खासदारांची पुढची वाढ आधीच ठरलेली होती. २०१८ च्या दुरुस्तीने पगार महागाई निर्देशांकाला जोडून दर पाच वर्षांनी वाढवायची सोय केली होती. २४ मार्च २०२५ च्या अधिसूचनेने पगार १,२४,००० झाला, मतदारसंघ भत्ता ८७,०००, कार्यालयीन खर्च ७५,०००, आणि लागू १ एप्रिल २०२३ पासून, मागच्या फरकासकट.