जुनी गाडी, कमी रनिंग : इन्शुरन्स स्वस्त काहून होत नाही, अन् घ्यायचा तर किती घ्यायचा

रिन्यूअलला आलेला माणूस हमखास हेच विचारतो की भाऊ, गाडी बारा वर्षांची झाली, आर्वीहून वर्धेला दवाखान्यात नाहीतर एखाद्या लग्नाला जाते, बाकी शेडमधेच उभी राहते, मग एवढे पैसे कशाचे? प्रश्न बरोबर आहे, म्हणून एकदाचं लिहूनच काढलं.

पॉलिसीत दोन वेगवेगळे पैसे राहतात. एक थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं, कोणी दगावलं, तर त्याची भरपाई. हा रेट ना कंपनी ठरवत ना आम्ही, सरकार ठरवते, अन् प्रायव्हेट पेट्रोल-डिझेल कारला तो फक्त इंजिनच्या सीसीवर. जून २०२२ ला लागू झालेला रेट असा: १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १५०० पर्यंत ३,४१६, त्याच्या वर ७,८९७, वरून १८ टक्के जीएसटी. गाडी २०१० ची असो का २०२० ची, वर्षात दोनशे किलोमीटर चालो का वीस हजार, पैसे तेवढेच. इथं घासाघीस करून काही हाती लागत नाही. अन् हा घ्यावाच लागतो, नाहीतर पहिल्यांदा २,००० दंड, पुन्हा सापडले तर ४,०००, तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. दंडाचं सोडा हो, कोर्टानं लाखांची भरपाई लावली अन् पॉलिसी नसली तर वावर विकायची पाळी येते.

दुसरा पैसा ओन डॅमेजचा, आपल्या स्वतःच्या गाडीसाठी, अन् डोकं चालवायचं ते इथंच. हा आयडीव्हीवर, म्हणजे गाडीच्या आजच्या धरलेल्या किमतीवर निघतो, पाच वर्षांनंतर ती किंमत तुम्ही अन् कंपनी मिळून ठरवता. समजा छोटी गाडी, आयडीव्ही ९०,०००, तीन टक्क्यांच्या आसपास रेट धरला तर २,७०० झाले, पाच वर्षं क्लेम नसला तर एनसीबी, म्हणजे क्लेम न घेतल्याची सूट, ५० टक्के, म्हणजे राहिले १,३५० अन् जीएसटी. कंपनीनुसार थोडं खालीवर होते.

आता भेटते काय ते पाहा. रात्री तळेगाव रोडवर रोही (नीलगाय) आडवा आला, बंपर, हेडलाइट, बोनेट गेलं, पार्ट १०,००० चे अन् मजुरी ४,०००. प्लास्टिकच्या पार्टवर निम्मे कापतात, दहा वर्षांवरच्या गाडीत लोखंडी पार्टवरही निम्मे, काचेवर मात्र कपात नाही. म्हणजे पार्टचे ५,००० अन् मजुरी ४,०००, त्यातून १,००० कंपल्सरी कटतात, हातात ८,०००. वरून एनसीबी शून्यावर, तो पुन्हा ५० वर चढायला पाच वर्षं. म्हणून दोन-तीन हजाराच्या ठोकरीसाठी क्लेम करूच नका, आमचं तेच सांगणं राहते.

मग ओन डॅमेज सोडायचा का? आयडीव्ही लाखाच्या आत असेल, गॅरेजचं बिल खिशातून भरायची तयारी असेल तर फक्त थर्ड पार्टीवर भागते. पण गाडीशेजारीच कापूस भरून ठेवत असाल, किंवा गाडी रात्रभर रस्त्यावर उभी राहत असेल तर घ्या, कारण आग, चोरी, गारपीट हे सगळं त्यातच येते, थर्ड पार्टीत यातलं एक पैसाही नाही.

किलोमीटरवाला प्लॅन म्हणून विचारून राहिले लोक. जितकी चालवाल तितकेच भरा, असा प्लॅन २०२२ पासून आहे, मीटरचा फोटो द्यावा लागतो, ठरलेल्या किलोमीटरच्या वर गेले तर टॉप-अप घ्यावा लागतो. पण सूट फक्त ओन डॅमेजवर, थर्ड पार्टीवर नाही, त्यामुळे १,३५० च्या प्रीमियममधे वाचून वाचून किती वाचणार? पाच-सहा वर्षांच्या, चार-पाच लाख आयडीव्हीच्या गाडीला घेण्यात मजा आहे, अन् तोही घेतला तर लग्नसराईत गाडी साऱ्या गावाला देऊ नका.

गाडी उभीच आहे म्हणून पॉलिसी संपू देऊ नका. ९० दिवसांच्या आत रिन्यू नाही केली तर एनसीबी जातो, ओन डॅमेजसाठी गाडीची तपासणी पुन्हा करावी लागते, अन् नेमकं त्याच काळात अर्ध्या रात्री कोणाला दवाखान्यात न्यायचं काम पडते.

नागपूरहून सेकंडहँड घेतली असेल तर आरसी नावावर करा अन् १४ दिवसांत पॉलिसीही नावावर करायला द्या, जुन्या मालकाच्या नावावर ओन डॅमेजचा क्लेम अडकतो. गॅस किट नंतर बसवलं असेल तर तेही आरसीवर अन् पॉलिसीवर चढवा. १५ वर्षं झाली असली तर आरटीओतून रजिस्ट्रेशन रिन्यू करून घ्या.

ऑफिसात येताना आरसी, जुनी पॉलिसी अन् मीटरचा ताजा फोटो घेऊन या, दोन्ही कोटेशन, फक्त थर्ड पार्टीचं अन् फुल पॉलिसीचं (थर्ड पार्टी अन् ओन डॅमेज दोन्ही), समोरासमोर ठेवून दाखवतो.