पुढचं यान गाठायचंय? मग आधी ब्रेक मारा

शुभांशु शुक्ला २५ जून २०२५ ला आपल्या वेळेनुसार दुपारी १२ वाजून १ मिनिटाने फ्लोरिडातून उडाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ४ च्या सुमारास त्यांचं यान अंतराळ स्थानकाला चिकटलं. हिशोब करा, २८ तास. आता स्थानक आहे कुठे, तर डोक्यावर साधारण ४०० किलोमीटर, म्हणजे मुंबईहून कोल्हापूर जेवढं लांब आहे जवळपास तेवढंच, फक्त सरळ वर. मुंबईहून रात्री एसटीत बसलेला माणूस सकाळी कोल्हापुरात मिसळ खात असतो, आणि इथे ताशी हजारो किलोमीटर पळणाऱ्या यानाला पूर्ण दिवस पुरला नाही?

चालू घडामोडींच्या नोट्समध्ये बाकी सगळं असतं हो. अ‍ॅक्सिअम-४ ही मोहीम, फाल्कन-९ रॉकेट, यानाचं नाव ग्रेस, सोबत अमेरिकेच्या पेगी व्हिटसन, एक पोलंडचा आणि एक हंगेरीचा अंतराळवीर, परत आले १५ जुलैला, १९८४ च्या राकेश शर्मांनंतर अंतराळात जाणारे दुसरे भारतीय आणि स्थानकात पाय ठेवणारे पहिले. पाठ करून करून तोंडाला फेस येतो. पण २८ तास का लागले हे एकाही पीडीएफमध्ये मला सापडलं नाही, आणि खरी मजा तर तिथेच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे वर जायला वेळ लागतच नाही. रॉकेट सुटल्यावर साधारण दहा मिनिटांत यान कक्षेत पोचलेलं असतं. पण स्थानक काय स्टँडवर लागलेली गाडी नाही, ते सेकंदाला साडेसात किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने पृथ्वीभोवती पळतंय, दीड तासात एक फेरी. तुम्ही वर पोचता तेव्हा ते कदाचित पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला असतं. मग सुरू होतो पाठलाग, आणि या पाठलागाचा नियम आपल्या डोक्याच्या बरोब्बर उलटा आहे.

रस्त्यावर पुढची गाडी गाठायची तर आपण काय करतो, अ‍ॅक्सिलरेटर पिळतो. कक्षेत तसं केलं की काय होतं बघा: यानाचा वेग वाढला की ते आणखी वरच्या, मोठ्या कक्षेत चढतं, मोठ्या कक्षेत अंतर जास्त आणि वर गेल्यावर वेगही कमी होतो, त्यामुळे पुढचं यान आणखीनच पुढे निघून जातं आणि आपण बसतो बघत. उलट ब्रेक मारला, म्हणजे इंजिन पुढच्या दिशेला फुंकून वेग थोडा कमी केला, की यान खाली उतरतं, खालची कक्षा छोटी, आणि खाली पडताना जो वेग मिळतो तो घालवलेल्या वेगाच्या दुप्पट असतो. एक रुपया खर्च केला आणि दोन हातात आले असा प्रकार. पोलीस भरतीला १६०० मीटर पळालेल्यांना हे लगेच कळेल, मागे पडलेला पोरगा आतल्या लेनमध्ये घुसतो ना, तसंच. फक्त इथे आतल्या लेनमध्ये गेलं की पायातही आपोआप जास्त जोर येतो.

आकड्यात सांगतो, कारण आकडे बघूनच मला पहिल्यांदा पटलं. समजा टार्गेट यान ४७५ किलोमीटर उंचीवर आहे आणि तुम्ही फक्त ५ किलोमीटर खाली आहात. तुमचा वेग त्याच्यापेक्षा सेकंदाला जेमतेम पावणेतीन मीटर जास्त असेल, म्हणजे सायकलवाल्याएवढाच फरक, फेरी सहा सेकंद लवकर संपेल, बस. पण त्या सहा सेकंदांचे होतात किती, तर एका फेरीत तुम्ही तब्बल ४७ किलोमीटर जवळ सरकता. आता एवढं सरकायचं, मग जवळ आल्यावर हळूहळू वर चढायचं, मध्ये थांबून सगळं तपासायचं, यात शुक्लांच्या यानाचे २८ तास गेले. हे नेहमी इतकं लांबतं असंही नाही बरं का, ऑक्टोबर २०२० मध्ये रशियाचं सोयुझ तीन तास तीन मिनिटांत स्थानकाला जाऊन जोडलं गेलं होतं. स्थानकाची कक्षा आधीच जुळवून ठेवायची आणि स्थानक नेमकं योग्य जागी असताना रॉकेट सोडायचं, मग पाठलाग छोटा होतो.

ही गोष्ट आपल्याला उलटी वाटते यात लाज वाटण्यासारखं काही नाही, नासाच्या कसलेल्या पायलटलाही ती तशीच वाटली होती. जून १९६५ मध्ये जेमिनी-४ मध्ये बसलेल्या जेम्स मॅकडिव्हिटने आपल्याच रॉकेटच्या सुटून गेलेल्या वरच्या टप्प्याजवळ यान न्यायचा प्रयत्न केला. समोर दिसतंय, नाक तिकडे केलं, इंजिन दिलं. ते जवळ यायच्या ऐवजी लांब. परत इंजिन दिलं, परत तेच. इंधन भसाभस संपायला लागलं तेव्हा नाद सोडला. विमान उडवायची सवय नडली, दुसरं काही नाही. मार्च १९६६ मध्ये जेमिनी-८ मधून नील आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉट यांनी जगातलं पहिलं डॉकिंग, म्हणजे अंतराळात दोन यानांची जोडणी, केलं, आणि त्यानंतर थोड्याच वेळात एक थ्रस्टर (यान वळवणारं छोटं इंजिन) अडकून यान सेकंदाला एक गिरकी या वेगाने भवऱ्यासारखं फिरायला लागलं, आर्मस्ट्राँगने कसंबसं सावरलं आणि मोहीम अर्धवट टाकून खाली यावं लागलं. चंद्रावर पाऊल ठेवलं ते सगळ्यांना पाठ असतं, हे कोणाला माहीत नसतं.

आता आपलं स्पेडेक्स, म्हणजे इस्रोचा डॉकिंगचा प्रयोग. ३० डिसेंबर २०२४ ला रात्री १० वाजता श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी६० रॉकेटने दोन यानं सोडली, एक चेसर म्हणजे पाठलाग करणारं आणि एक टार्गेट म्हणजे जे गाठायचं ते, दोन्ही साधारण २२० किलोची, कक्षा तीच वर सांगितलेली ४७५ किलोमीटरची. दोघांना रॉकेटमधून सोडतानाच वेगात बारीकसा फरक ठेवला, म्हणजे ती आपोआप एकमेकांपासून १०-२० किलोमीटर लांब गेली, आणि मग तो फरक मिटवून अंतर तिथेच रोखून धरलं. तिथून चेसरने जवळ यायचं, टप्प्याटप्प्याने, ५ किलोमीटर, दीड किलोमीटर, ५०० मीटर, २२५, १५, ३. आधी तारीख ठरली ७ जानेवारी, पुढे ढकलली, मग ९ जानेवारी, तेव्हा २२५ मीटरकडे सरकताना यानं अपेक्षेपेक्षा जास्त वाहवली म्हणून परत थांबवलं. लोकांनी तेव्हा सोशल मीडियावर काय काय लिहिलं ते आठवतंय, पण मला विचाराल तर वेळेत थांबता येणं हाच त्या मशीनचा सगळ्यात भारी गुण होता.

१६ जानेवारी २०२५ ला जोडणी झाली. जमिनीवरून बघितलं तर दोघंही ताशी २७ हजार किलोमीटरच्या वर पळतायत, पण एकमेकांच्या हिशोबाने शेवटच्या टप्प्यात ती सेकंदाला एखाद सेंटीमीटरने जवळ येतात, म्हणजे शेवटचे ३ मीटर कापायला पाचेक मिनिटं. शेजारी शेजारी सारख्या वेगाने धावणाऱ्या दोन लोकलमधली माणसं एकमेकांना आरामात चहाचा कप देऊ शकतील, तसं. जोडणारी कडी केवढी, तर ४५० मिलिमीटर, स्वयंपाकघरातल्या मोठ्या परातीएवढी. आणि दोन्ही यानांवर ती सारखीच आहे, नर-मादी असा प्रकार नाही, कोणीही चेसर होऊ शकतं आणि कोणीही टार्गेट.

इथे परीक्षेवाल्यांसाठी एक खड्डा आहे, मी स्वतः त्यात पडलोय. चांद्रयान-३ (२३ ऑगस्ट २०२३) मध्येही भारत 'चौथा देश' आणि स्पेडेक्समध्येही 'चौथा देश', आधीचे तीनही तेच. पण क्रम वेगळा. चंद्रावर अलगद उतरण्यात सोव्हिएत रशिया पहिला, अमेरिका दुसरी. डॉकिंगमध्ये अमेरिका पहिली (१९६६), रशिया १९६७ मध्ये दुसरा, तोही यानात माणूस न बसवता आपोआप, आणि चीन २०११ मध्ये. क्रम लावा म्हणून प्रश्न आला की इथेच विकेट पडते.

आणि खरं सांगायचं तर हे 'चौथा' पण जरा सांभाळून घ्यावं असं माझं मत आहे, कारण जपानने ७ जुलै १९९८ ला दोन उपग्रह अंतराळात वेगळे करून आपोआप परत जोडले होते, नावं हिकोबोशी आणि ओरिहिमे, जपानी लोककथेतले प्रेमी तारे जे वर्षातून एकदाच म्हणजे ७ जुलैलाच भेटतात. तारीख मुद्दाम निवडलेली, उगाच नाही. ते दोघं वर गेले होते एकमेकांना जोडलेलेच, त्यामुळे बहुतेक याद्यांत जपान येत नाही. पेपरात मात्र चौथाच लिहा, तिथे वाद घालायला जागा नसते.

हे सगळं कशासाठी, तर चांद्रयान-४ साठी. सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने २१०४ कोटींची मंजुरी दिली, चंद्रावरची माती इकडे आणायची आहे, आणि एवढं सामान एका एलव्हीएम-३ रॉकेटमध्ये मावत नाही, दोन उड्डाणांतून पाठवायचं आणि वर जोडायचं. परत येताना चंद्राच्या कक्षेतही जोडणी आहे. तिथे पाठलाग परत हाच, ब्रेक मारून पुढे जायचा. २०३५ पर्यंत उभारायचं ठरलेलं भारतीय अंतरिक्ष स्थानकही असंच तुकड्या-तुकड्यांनी जोडून होणार.

जाता जाता एक गंमत, त्याच सी६० रॉकेटचा शेवटचा टप्पा फेकून न देता पोएम-४ नावाने वर प्रयोगशाळा म्हणून वापरला, त्यात इस्रोने चवळीच्या आठ बिया पाठवल्या होत्या, त्यांना चार दिवसांत मोड आले आणि नंतर पानंही फुटली. मुंबईच्या एका विद्यापीठाचा पालकावरचा प्रयोगही त्यातच होता. न्यूजमध्ये स्पेडेक्सपेक्षा चवळीच जास्त चालली.

१३ मार्च २०२५ ला स्पेडेक्सची दोन्ही यानं सुटी केली आणि २० एप्रिलला परत जोडली. पहिल्या वेळी ३ मीटरवर असताना जमिनीवरून माणसांनी हात घातला होता, दुसऱ्या वेळी १५ मीटरपासून पुढचं सगळं यानांनी आपलं आपण केलं, आणि दुसऱ्या दिवशी एकाने आपल्या विजेवर दुसऱ्यातला हीटर चालवून दाखवला.