डिस्क १००% : जुना लॅपटॉप नेमका कशासाठी थांबतो?

सात-आठ वर्षं जुना लॅपटॉप सुरू केला की पंखा घरघरतो, दिवा लुकलुकत राहतो आणि पडद्यावरचं चक्र काही थांबत नाही. घरातला जाणकार (असा एक प्रत्येक घरात असतोच) निकाल देतो, ‘व्हायरस असणार, फॉरमॅट मारून घे.’ फॉरमॅट मारल्यावर महिनाभर बरं चालतं, मग पुन्हा तेच. अशा वेळी विंडोजमधला टास्क मॅनेजर (कोणता भाग किती राबतोय ते दाखवणारी खिडकी) उघडून पाहावा. बहुतेकदा प्रोसेसर निवांत असतो आणि डिस्कच्या रकान्यात लालभडक १००% दिसतात. गंमत त्याच्या खालच्या आकड्यात आहे. पूर्ण क्षमतेने राबणारी ही डिस्क त्या वेळी सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबी वाचत असते. हीच डिस्क एखादा सिनेमा कॉपी करताना सेकंदाला १०० एमबीच्या आसपास सहज देते. मग बाकीचा वेळ ती करते काय?

वाट बघते. लॅपटॉपमधल्या अडीच इंची हार्ड डिस्कची तबकडी साधारणपणे मिनिटाला ५,४०० फेरे मारते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद जातात. त्याआधी हेडचा दांडा योग्य वर्तुळावर न्यायला साधारण १२ मिलिसेकंद. एकूण १७-१८. या हिशेबाने सेकंदात माहिती आणायच्या अशा साठेक खेपाच होतात. सिनेमाची फाइल सलग पडलेली असते, त्यामुळे दांडा फारसा हलवावा लागत नाही. विंडोज सुरू होताना मात्र इकडेतिकडे विखुरलेल्या हजारो बारक्या फायली लागतात. एका खेपेत ४ केबी हाती आले, तर सेकंदाची कमाई होते २४० केबी! मागण्यांचा क्रम लावून आणि पुढचा मजकूर आधीच उचलून डिस्क हा आकडा थोडा वाढवते, इतकंच.

हा दोष एखाद्या मॉडेलचा नाही, सगळ्या रचनेचाच आहे. आयबीएमने १९५६ साली आणलेल्या रामॅक या पहिल्या हार्ड डिस्कवाल्या यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, त्यांत ५० लाख अक्षरं मावत आणि त्या मिनिटाला १,२०० फेरे मारत. आज लॅपटॉपमधल्या १ टीबी डिस्कची क्षमता त्याच्या सुमारे दोन लाख पट आहे. फिरण्याचा वेग वाढला तो साडेचार पट. धातूची आणि काचेची तबकडी याहून फार जोरात फिरवायची तर उष्णता, थरथर आणि बॅटरी आडवी येते.

प्रोसेसरच्या बाजूने पाहिलं तर ही वाट बघणं फारच क्रूर आहे. ३ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ३ अब्ज ठोके देणाऱ्या प्रोसेसरचा एक ठोका एक सेकंदाचा मानला, तर हार्ड डिस्ककडून उत्तर यायला दीड वर्षाहून जास्त काळ लागतो. एसएसडीकडून (सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजे तबकडीऐवजी चिपांवर माहिती ठेवणारी साठवण) तेच उत्तर तीन-साडेतीन दिवसांत येतं. जुन्या लॅपटॉपमध्ये एसएसडी घातल्यावर ‘नवाच घेतला का?’ असं लोक विचारतात, ते यामुळे. प्रोसेसर होता तोच असतो.

एसएसडीत फिरणारं काहीच नाही. तिच्यात इलेक्ट्रॉन कोंडलेले असतात. चारही बाजूंनी विद्युतरोधकाने वेढलेल्या थरात विद्युतभार साठवायची कल्पना बेल लॅब्जमधल्या डावॉन कांग आणि सायमन झी यांनी १९६७ मध्ये मांडली. आज एसएसडीत वापरतो ती नँड फ्लॅश नावाची चिप तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांची, १९८७ची. प्रश्न असा की, विद्युतरोधकातून इलेक्ट्रॉन आत शिरतो कसा? वीसेक व्होल्टचा दाब दिला की काही नॅनोमीटर जाडीच्या त्या भिंतीतून तो आरपार जातो. रूढ भौतिकशास्त्राला हे मान्य नाही, क्वांटम भौतिकशास्त्राला आहे. दाब काढला की तो आत अडकतो आणि वीज गेली तरी तिथेच राहतो. सध्याच्या टीएलसी प्रकारात एका कोठडीतल्या भाराच्या आठ पातळ्या ओळखून तीन बिट साठवतात, आणि अशा कोठड्यांचे शंभराहून जास्त थर एकावर एक रचलेले असतात.

मात्र लिहिताना-पुसताना दर वेळी ती भिंत थोडी झिजते. त्यावरून ‘एसएसडी लवकर मरते’ अशी भीती अजून ऐकू येते. ५०० जीबीच्या चांगल्या ड्राइव्हवर ३०० टीबीपर्यंत लिहिण्याची हमी सर्रास मिळते. रोज २० जीबी लिहिलं तरी ४१ वर्षं होतात. तोवर लॅपटॉपचं बिजागर टिकलं तरी पुष्कळ. खरी काळजी वेगळीच आहे. हार्ड डिस्क मरण्याआधी बऱ्याचदा खडखडते, एसएसडी मात्र एके सकाळी दिसेनाशीच होते. शिवाय एसएसडीवरून एकदा पुसलेली फाइल परत मिळवणं बहुधा अशक्य असतं, कारण मोकळ्या झालेल्या जागा ड्राइव्ह स्वतःच साफ करून ठेवते.

दुकानात गेलात की साटा घ्यायची की एनव्हीएमई (एसएसडी लॅपटॉपशी जोडण्याच्या या दोन पद्धती) हा प्रश्न येतो. साटा सेकंदाला ५५० एमबीला अडते, एनव्हीएमई ३,५०० ते ७,००० देते. पण दोन्हींत फ्लॅशच्या चिप एकाच जातीच्या, त्यामुळे बारक्या फायलींच्या बाबतीत दीड वर्षाचे तीन दिवस झाल्यावर पुढची बचत एखाद्या दिवसाची. रोजच्या कामात ती जाणवत नाही. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांचं गणित निराळं. जुन्या लॅपटॉपमध्ये निवडीचा प्रश्नच येत नसतो, जी जागा असेल तीच घ्यावी लागते. एम.टू नावाची एसएसडीची पट्टी २२ मिलिमीटर रुंद आणि बहुतेकदा ८० मिलिमीटर लांब असते, पण त्याच आकारात साटाही येते आणि एनव्हीएमईही. पट्टी खाचेत बसली म्हणजे चालेलच असं नाही. लॅपटॉपचा मॉडेल नंबर इंटरनेटवर घालून आधी पाहून घ्यावं. काही पातळ लॅपटॉपमध्ये साठवण बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तिथे विषयच संपतो.

प्रत्यक्ष बदलण्याचं काम अर्ध्या तासाचं आहे. आधी जुन्या डिस्कचा क्लोन, म्हणजे नव्या ड्राइव्हवर हुबेहूब प्रत करायची. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की लॅपटॉपबाहेर लिहून ठेवायची. ती नसेल तर स्वतःच्याच फायली आपल्याला बंद होऊ शकतात. मागचे स्क्रू काढताना त्यांच्या जागा लक्षात ठेवाव्यात, कारण एक-दोन आखूड निघतात आणि त्या जागी लांब स्क्रू पिळला तर तो वरच्या बाजूला उमटतो. झाकणाच्या कडेने जुनं एटीएम कार्ड सरकवलं की क्लिपा कटकट करत सुटतात. आत हात घालण्याआधी बॅटरीची पिन काढावी आणि अंगातली स्थिर वीज जाण्यासाठी नळाला हात लावावा. एम.टू पट्टी तिरकी घालायची. सोडली की ती स्प्रिंगसारखी वर उठून राहते, आणि नवख्याला वाटतं की बसलीच नाही. ती हलकेच खाली दाबून टोकाला स्क्रू लावायचा. सुरू केल्यावर ५०० जीबीऐवजी ४६५ दिसले तर दुकानदाराशी भांडू नये, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १,०२४ने.

जुनी हार्ड डिस्क यूएसबीच्या केसमध्ये घातली की बॅकअपला उत्तम. कपाटात ठेवायला एसएसडीपेक्षा तीच बरी, कारण कोंडलेले इलेक्ट्रॉन वीज न मिळता पडून राहिले की हळूहळू गळतात, आणि उष्णतेत जास्तच. झिजून हमी संपलेल्या घरगुती एसएसडीने ३० अंश तापमानात वर्षभर माहिती धरून ठेवावी, एवढीच प्रमाणित अपेक्षा आहे; विदर्भातल्या मे महिन्यात ३० अंश म्हणजे थंडीच! नवी एसएसडी याहून पुष्कळ जास्त टिकते. तरी लग्नाच्या फोटोंची एक प्रत जुन्या हार्ड डिस्कवर ठेवावी आणि ती वर्षातून एक-दोनदा लावून फिरवून घ्यावी, कारण पडून राहिलेल्या बेअरिंगचं वंगणही कायमचं नसतं.