उंबरातली केंबरे

अंजिरात मेलेली माशी असते, म्हणून ते उपवासाला चालत नाही, असा एक संदेश मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर यंदाही श्रावणात आला. पुणेरी अंजीर परागीभवनाविनाच फळ धरते, त्याला माशीची गरज नसते, तेव्हा त्याच्यापुरता हा आरोप निराधार आहे. आमच्या फाटकाजवळच्या उंबराची गोष्ट मात्र निराळी. 'उंबर फोडून केंबरे काढणे' हा वाक्प्रचार ज्यांनी घडवला, त्यांनी फळ उघडून पाहिले होते हे नक्की. प्रश्न एवढाच, की केंबरे म्हणजे नेमके कोणते कीटक?

बुंध्याला लगडलेली, पिकण्याच्या बेतात आलेली चार उंबरे मी बरणीत घालून वर मलमल बांधली. सकाळी बरणीत जेमतेम दोन मिलिमीटरचे कितीतरी कीटक होते. पण ते सगळे एका जातीचे नव्हते. शेपटीसारखी लांब अंडनलिका मिरवणाऱ्या माद्या सायकोफॅगा किंवा अपोक्रिप्टा या प्रजातींच्या (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट). त्या बाहेरूनच फळाला भोक पाडून अंडी घालतात. आखूड अंडनलिकेची, काळसर, लांबट चपट्या डोक्याची मादी ती उंबराचे परागीभवन करणारी सेरॅटोसोलेन. ही प्रजाती ऑस्ट्रियन कीटकशास्त्रज्ञ गुस्टाव मायर यांनी १८८५ मध्ये स्थापली आणि आपल्या उंबरावरची जात, सेरॅटोसोलेन फ्युसिसेप्स, हिचे वर्णनही त्यांचेच. तिचा नर फिकट, बिनपंखी आणि पोट खाली मुडपलेला असतो. अशा नरांना जुन्या अभ्यासकांनी कधीकधी वेगळ्याच प्रजातीत टाकले, ते समजण्यासारखे आहे.

उंबराचे फूल मध्यरात्री दिसले तर धनलाभ होतो म्हणतात. ब्लेडने कच्चे उंबर उभे चिरले तर भर दुपारी शेकडो फुले दिसतात, कारण फुलांचा अख्खा गुच्छच त्या बंद कुंभात असतो. कुंभाच्या तोंडावरच्या खवल्यांतून मादी आत घुसते, तेव्हा तिच्या जबड्याला जोडलेली, कानशीसारख्या धारांची पट्टी तिला पुढे सरकायला उपयोगी पडते. या रेटारेटीत पंख आणि स्पर्शिकांचे तुकडे गळून पडतात, म्हणून आत मेलेल्या मादीवरून जात ठरवणे कठीण. ओळख पटवायला नव्याने बाहेर पडणारीच हवी. तिच्या पुढच्या पायाच्या, धडाला जोडलेल्या पहिल्या खंडावर राठ केसांची कंगव्यासारखी रांग दिसते आणि छातीच्या खालच्या बाजूला दोन खिसे. ज्या फळात जन्मली त्यातून निघण्यापूर्वी ती परागकोशांतले पराग पायांनी या खिशांत भरते आणि दुसऱ्या फळात अंडी घालताना तेच काढून कुक्षींवर पसरते. पराग अंगाला चुकून चिकटत नाहीत, ते ठरवून भरले जातात, हे गलिल आणि आयझिकोविच या संशोधकांनी १९६९ मध्ये आफ्रिकेतल्या सायकॅमोर उंबरावर दाखवले.

त्याच सायकॅमोरवर सेरॅटोसोलेन अरेबिकस परागीभवन करते, तर सेरॅटोसोलेन गलिली नुसती अंडी घालून जाते. दोघी एकाच प्रजातीत आहेत, कारण वर्गीकरण धंद्यावरून नव्हे, शरीररचनेवरून होते.

माझ्या कुपीतल्या अल्कोहोलात आता सहा माद्या आणि दोन नर आहेत. चिठ्ठीवर तारीख आणि ठिकाण यांच्या जोडीला झाडाचे नावही लिहिले आहे, कारण वडावर युप्रिस्टिना आणि उंबरावर सेरॅटोसोलेन, एवढे कळले की सूक्ष्मदर्शकाला डोळा लावण्याआधीच निम्मा शोध संपलेला असतो.