सोलर हीटरचं पाणी गार: माल खराब की फिटिंग खराब?

मराठवाड्यात सोलर वॉटर हीटर बसतो दिवाळीच्या सुमाराला आणि भांडण पेटतं संक्रांतीला. पाणी कोमटच येतं, नाहीतर संध्याकाळी कढत आणि पहाटे गार. घरमालक ठेकेदाराला फोन लावतो. तो म्हणतो, "कंपनीचा पीस खराब आला." कंपनीचा माणूस येतो, गच्चीवर दोन मिनिटं उभा राहतो आणि म्हणतो, "आमचा माल ओके आहे, फिटिंग चुकलंय." तोवर उन्हाळा लागतो, कुणाला गरम पाणी नको असतं, आणि विषय पुढच्या थंडीपर्यंत मिटतो.

खालून, नळाशी, दोन्ही बिघाड अगदी सारखे दिसतात. त्यांची जबाबदारी मात्र वेगवेगळ्या माणसांची. टाकी, टाकीतला पफ (उष्णता धरून ठेवणारा फोम), काचेच्या नळ्या किंवा तांब्याचा पॅनल, रबरी रिंगा हा झाला माल. टाकीच्या सॉकेटपासून पुढे सगळं फिटिंग: थंड पाण्याची लाइन, गरम लाइन, कॉक, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारी झडप), हवेचा पाइप, आणि स्टँड कुठे व कोणत्या दिशेला ठेवला ते. स्टँड कंपनीचा असला तरी त्याची जागा ठेकेदाराने ठरवलेली असते.

दोष कुठे आहे हे शोधायला एक थर्मामीटर आणि एक रात्र पुरते. थर्मामीटर शंभर अंशांपर्यंत मोजणारा साधा डिजिटल घ्या. ताप मोजायचा इथे उपयोगी नाही, तो बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जात नाही. आभाळ स्वच्छ असलेला दिवस निवडा, सकाळच्या आंघोळी उरकल्या की दिवसभर गरम पाणी वापरू नका. संध्याकाळी पाचला लाइनमधलं गार पाणी बादलीत काढून टाका आणि मग येणारं पाणी मोजा. जानेवारीत गच्चीवरच्या टाकीतलं पाणी 20 अंशांच्या आसपास असेल तर सोलरचं पाणी 50 च्या वर गेलेलं असायला हवं. 200 लिटर पाणी 20 वरून 60 अंशांवर न्यायला सव्वानऊ युनिट उष्णता लागते. दोन किलोवॅटचा गिझर यासाठी साडेचार तासांहून जास्त चालवावा लागेल. म्हणून ऊन दोन तास जरी बुडालं तरी फरक लगेच कळतो.

संध्याकाळीच पाणी तापलेलं नसेल तर गडबड उष्णता गोळा करण्यात आहे. संध्याकाळी 55 आणि सकाळी 35 असेल तर साठवण्यात. या दुसऱ्या तक्रारीवरून कंपनी आणि ठेकेदार सर्वांत जास्त टोलवाटोलवी करतात, आणि तिचाच छडा लावणं सर्वांत सोपं आहे. रात्री नऊच्या सुमाराला टाकीजवळचे दोन्ही कॉक बंद करा, थंड पाणी आत येण्याचा आणि गरम पाणी बाहेर जाण्याचा. हवेच्या पाइपला हात लावायचा नाही. त्यावर मुळात कॉक नसतोच, आणि ठेकेदाराने बसवला असेल तर तो आधी काढायला लावा. टाकीजवळ कॉकच नसतील तर ती फिटिंगमधली पहिली उणीव, लिहून ठेवा. सकाळी सहाला कॉक उघडून पुन्हा मोजा. पाच-सात अंश उतरले असतील तर टाकी चांगली आहे, रोज रात्री उष्णता लाइनमधून पळते आहे आणि प्रश्न बहुतेक वेळा ठेकेदाराचा आहे. कॉक बंद असूनही वीस अंश उतरले तर पफ अपुरा भरलाय किंवा भिजलाय, प्रश्न कंपनीचा. अशा टाकीवर पहाटे हात फिरवला तर पत्रा एखाद्या ठिकाणी उबदार लागतो.

याला एकच अपवाद. तांब्याच्या पॅनलचा सोलर असेल तर टाकीचा तळ पॅनलच्या माथ्याहून साधारण फूटभर उंच हवा. तेवढी उंची नसेल तर रात्री टाकीतलं गरम पाणी उलटं पॅनलमध्ये उतरतं आणि थंड होऊन परत येतं. कॉक बंद केले तरी हा फेरा थांबत नाही. पहाटे पॅनलच्या वरच्या बाजूचा पाइप कोमट लागला की समजायचं. हाही फिटिंगचाच दोष, माप ठेकेदाराने घेतलेलं असतं.

लाइनमधून उष्णता पळण्याच्या वाटा दोन. एक म्हणजे थंड पाण्याच्या लाइनवरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. तो (अंगावरचा बाण सोलरच्या टाकीकडे हवा) बसवलेलाच नसतो, किंवा बोअरच्या पाण्याच्या क्षाराने आतली झडप अडकून उघडीच राहिलेली असते. खूण अशी की काळ्या टाकीतून येणारं थंड पाणी संध्याकाळी कोमट लागतं. दुसरी वाट बाथरूममधून जाते. मिक्सरच्या पुढे हँड शॉवर असतो, त्याचं बटण बंद पण मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्या. मग थंड आणि गरम लाइन आत एकमेकींना मिळतात आणि जिकडे दाब कमी तिकडे पाणी सरकत राहतं. एकेका बाथरूमचे अँगल कॉक एकेक रात्र बंद ठेवून कोणतं बाथरूम हे कळतं. इथे ना कंपनी दोषी ना ठेकेदार, फक्त चावी बंद करायची सवय लागते.

आता संध्याकाळीच पाणी तापत नाही ती तक्रार. काचेच्या नळीच्या खालच्या टोकाला आतून आरशासारखा रुपेरी थर असतो. तो बेरियमचा. नळीच्या दोन काचांमध्ये निर्वात पोकळी असते, ती शाबूत आहे तोवर थर चकाकतो. हवा शिरली की पांढराफटक पडतो. हे टोक स्टँडच्या प्लास्टिकच्या वाटीत लपलेलं असतं, म्हणून वर्षानुवर्षं कुणी पाहत नाही. वाटी सरकवून प्रत्येक नळी बघा. दुपारी हात लावूनही कळतं: चांगली नळी कडक उन्हात बाहेरून गारच लागते, हवा शिरलेली तापते. काचेला तडा नसताना टोक पांढरं असेल तर तो माल खराब, नळी बदलून मागा.

तडा असेल तर प्रकरण वेगळं. रिकामी नळी उन्हात दीडशे-दोनशे अंशांवर जाते. ठेकेदाराची माणसं अकराला येतात, नळ्या बसवून जेवायला जातात आणि दोनला पाणी सोडतात. त्या क्षणी काच तडकते, किंवा तडकायची तयारी होते. पाणी सकाळी ऊन चढायच्या आत भरायचं, नाहीतर नळ्या गोणपाटाने झाकून ठेवायच्या. रबरी रिंगेत नळी घालताना साबणाचं पाणी लावायचं, कोरडी दामटली की रिंग मुडपते आणि तिथून थेंब थेंब गळती लागते. फुटलेली काच बहुतेक वॉरंटी कार्डांत धरलेली नसते, म्हणून ही भरपाई ठेकेदाराकडूनच मागावी लागते.

सावलीबद्दल फार बोलायला नको, मोजून बघा. संभाजीनगर, परभणी, नांदेड या पट्ट्यात डिसेंबरअखेर भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून 47 अंशांवरच असतो. दहा फुटी भिंतीची सावली तेव्हा नऊ-सव्वानऊ फूट पडते, सकाळी नऊला त्याहून कितीतरी लांब. मे महिन्यात जागा बघून "दिवसभर ऊन आहे" म्हणणारा ठेकेदार खोटं बोलत नसतो, चुकीच्या महिन्यातलं ऊन बघत असतो. तोंड दक्षिणेला हवं, हे त्यालाही माहीत असतं. जिन्याच्या खोलीमुळे पाइप वाचतो म्हणून पश्चिमेला वळवतो.

हवेचा पाइप मात्र सविस्तर बघायला हवा, कारण इथे फिटिंगच्या चुकीने माल मरतो. हा पाइप सोलरच्या टाकीच्या माथ्यावरून निघतो आणि थंड पाण्याच्या टाकीतल्या सर्वांत वरच्या पातळीहूनही उंच जायला हवा, तोंड उघडं. तो आखूड ठेवला की वरची टाकी भरली की त्यातून पाणी सांडतं. मालक तक्रार करतो आणि प्लंबर येऊन त्याला टोपी मारून जातो. सांडणं थांबतं, सगळे खूश. पुढे काय होतं? उन्हाळ्यात वाफ कोंडून टाकी फुगते. किंवा आठ-आठ दिवसांनी नळ येणाऱ्या गावात वरची टाकी रिकामी होते, सोलरमधलं पाणी खालच्या नळाने ओढलं जातं, हवा आत यायला वाट नसते आणि टाकी आत चेपते. चेपलेली किंवा फुगलेली टाकी बघून कंपनी वॉरंटी नाकारते, आणि ते योग्यच आहे. साध्या टाकीच्या लाइनला नंतर प्रेशर पंप जोडला तरी असंच होतं. पंप हवाच असेल तर टाकी प्रेशरची घ्यावी लागते, आणि तिला सेफ्टी व्हॉल्व्ह.

पाइपवरचा छापील मजकूर वाचा. गरम लाइन सीपीव्हीसीचीच, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकची हवी. त्यावर आयएस 15778 असतं आणि रंग फिकट क्रीम. पांढरा यूपीव्हीसी वापरला असेल तर तो तापून झोळ घेतो आणि सांधे सुटतात. लांबीचाही हिशेब करा. पाऊण इंची पाइपमध्ये मीटरला पाव लिटर पाणी मावतं, एक इंचीमध्ये चारशे मिलिलिटरहून थोडं जास्त. वीस मीटरच्या इंची लाइनमध्ये साडेआठ लिटर गार पाणी दर आंघोळीआधी मोरीत जातं. 2016 साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या भागात हे परवडणारं नाही. लाइन पाऊण इंची, कमीत कमी लांबीची आणि इन्सुलेशन चढवलेली मागा.

माल आणि फिटिंग दोन्ही चांगलं असूनही पाणी पुरत नसेल तर टाकीचं माप विचारा. 58 मिलिमीटर जाडीच्या, 1800 मिलिमीटर लांबीच्या एका नळीत पावणेतीन लिटरच्या आसपास पाणी असतं. अशा वीस नळ्यांत झालं 54 लिटर. "दोनशे लिटर" म्हणताना हे धरलेलं असेल तर टाकी दीडशेचीच आहे. ही विकण्यातली चलाखी झाली.

आणि बोअरचं पाणी. क्षाराने तांब्याचे अर्ध्या इंची पाइप आतून भरत जातात आणि पॅनल दोन-तीन वर्षांत मंदावतो. कठीण पाणी असेल तर काचेच्या नळ्या बऱ्या, काढून धुता तरी येतात. वॉरंटी कार्डावर कठीणपणाची मर्यादा छापलेली असते आणि तीच कंपनीची हुकमी ढाल. खरेदीआधी पाणी तपासून अहवाल जपून ठेवा. टाकीत गंज रोखणारी मॅग्नेशियमची कांडी असेल तर ती वर्षा-दोन वर्षांनी बदलायची. "सोलरवर सबसिडी मिळेल" असं कुणी म्हणालं तर लक्षात घ्या, पीएम सूर्यघर योजना विजेच्या पॅनलसाठी आहे, पाणी तापवायच्या सोलरसाठी नाही.

बिलावर फक्त "सोलर 200 लि., 1 नग" लिहिलं असेल तर फिटिंगला कागदच नाही. दोन ओळी वेगळ्या मागा: मालाची, अनुक्रमांकासह, आणि फिटिंगची, त्यात पाइपचा प्रकार, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, दोन कॉक, हवेच्या पाइपची उंची आणि गळतीची एक वर्षाची हमी. शेवटचा हप्ता वरची एका रात्रीची परीक्षा झाल्यावरच द्यायचा, हे बसवण्याआधी ठरवा.

वाद वाढलाच तर 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा वस्तूतला दोष आणि सेवेतली त्रुटी वेगळे धरतो, पण एकाच तक्रारीत दोघांनाही प्रतिवादी करता येतं. खात्री नसेल तर तसंच करा, नाहीतर सुनावणीत दोघं पुन्हा एकमेकांकडे बोट दाखवतात. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. माल आणि सेवेपोटी दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. सोबत जोडायला तारखेसह तापमानाचे आकडे, नळीच्या टोकाचे आणि हवेच्या पाइपचे फोटो, आणि ठेकेदाराला व्हॉट्सअॅपवर पाठवलेले लेखी मेसेज ठेवा. टाकी दुरुस्तीला उतरवण्याआधी जागेवरचे फोटो घ्या, कारण एकदा लाइन सोडवली की व्हॉल्व्हचा बाण कोणीकडे होता हे दाखवता येत नाही.